पाचशे रुपये भरून केस मिटत नाही, ताई

पत्र : मुलगा २३ वर्षांचा आहे, बी.एस्सी. झालाय, दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतोय. २०२३ च्या गणपती विसर्जनात गावातल्या दोन मंडळांची मारामारी झाली. आठ पोरांवर गुन्हा दाखल झाला, त्यात याचंही नाव. अटक झाली नाही, नुसती नोटीस आली. भारतीय दंड संहितेची कलमं १४३, १४७, १४९, ३२३, ५०४. तालुक्याच्या कोर्टात तारखा चालू आहेत. वकील म्हणतात, गुन्हा कबूल करा, पाचशे-हजार दंड भरा, मोकळे व्हा. अकॅडमीतले सर म्हणतात, फॉर्ममध्ये लिहूच नको, कोण बघतंय. कुणाचं ऐकायचं?
एक आई, सोलापूर जिल्हा

ताई, दोघांचंही ऐकू नका.

आधी वकिलांचं. त्यांचा हेतू वाईट नसेल. तारखांचे हेलपाटे वाचतील, एवढंच ते बघतायत. पण गुन्हा कबूल करून दंड भरला की कागदावर 'दोषी' असं येतं. दंड शंभराचा असो नाहीतर हजाराचा, ती शिक्षाच. माझ्याकडे एक मुलगा आला होता, असाच दंड भरून 'सुटलेला'. परीक्षा पास झाला, यादीत नाव आलं आणि चारित्र्य पडताळणीत अडकला. त्याला वाटत होतं, केस केव्हाच मिटली. घरच्यांनी पेढेसुद्धा वाटले होते.

आता अकॅडमीच्या सरांचं. भरतीत मैदानी चाचणीचे ५० आणि लेखीचे १०० गुण असतात, पण ते मिळाले म्हणजे काम झालं असं नाही. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची माहिती खरी असल्याचं सही करून सांगणारा फॉर्म, भरून द्यावा लागतो आणि त्यावर पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. पोलीस खात्यात जायला निघालेल्या पोरानं पोलिसांपासूनच गुन्हा लपवायचा, हे मला आजवर कळलेलं नाही. गुन्ह्याची नोंद त्यांच्याच वहीत आहे!

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग खटल्यातला निकाल महत्त्वाचा आहे. त्याचा सार असा : जे स्पष्ट विचारलंय त्याचं खरं उत्तर द्यायचं. प्रकरण किरकोळ असेल तर लपवलेलंही माफ करण्याचा अधिकार नेमणूक देणाऱ्याला आहे. मात्र खरं सांगितलं म्हणून नेमणूक दिलीच पाहिजे, असंही नाही. त्यामुळे नमुन्यातला प्रत्येक प्रश्न वेगळा वाचायला सांगा. 'अटक झाली होती का?' याचं तुमच्या मुलाचं उत्तर 'नाही'. 'गुन्हा दाखल आहे का, खटला प्रलंबित आहे का?' याचं 'होय', आणि पुढे गुन्हा क्रमांक, कलमं, कोर्ट, सध्याची स्थिती. सोबत एफआयआर आणि दोषारोपपत्राची प्रत.

मग केस संपवायची कशी? ३२३ (साधी मारहाण) आणि ५०४ (चिथावणीसाठी केलेला अपमान) ही कलमं तडजोडीची आहेत. फिर्यादीनं तयारी दाखवली तर तालुक्याच्या कोर्टातच मिटतात आणि त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा होतो. घोडं अडतं ते १४३ आणि १४७ वर. बेकायदा जमाव आणि दंगल ही तडजोडीची कलमं नाहीत. त्यासाठी फिर्यादीच्या संमतीनं उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. भांडण खासगी स्वरूपाचं असेल तर उच्च न्यायालय तसं करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ग्यान सिंग खटल्यात मान्य केलंय. सोलापूर जिल्ह्याचं काम ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरमधल्या सर्किट बेंचपुढे (खंडपीठापुढे) चालतं, म्हणजे मुंबईची फेरीही वाचली. पण त्याआधी दोन मंडळांना एका ओट्यावर बसवावं लागेल. ते काम वकिलाचं नाही, गावातल्या जाणत्यांचं आहे. पोरं एकमेकांच्या लग्नात जेवतात, केस मात्र चालूच राहते, असं मी पुष्कळ गावांत पाहिलंय.

हे जमलं नाही आणि शिक्षा झालीच, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा लाभ मागायला वकिलांना आठवण करा. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं तर त्या कायद्याच्या कलम १२ मुळे शिक्षेमुळे कायद्यानं येणारी अपात्रता लागत नाही. हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही.

एक कडू गोष्ट सांगतो. निर्दोष सुटला तरी पोलीस खातं नाही म्हणू शकतं. साक्षीदार फितूर झाल्यामुळे किंवा संशयाचा फायदा मिळून सुटणं वेगळं आणि सन्मानानं निर्दोष ठरणं वेगळं, असा फरक न्यायालयांनीच केलेला आहे, आणि पोलीस दलाला जास्त कडक निकष लावायची मुभा दिली आहे. उलट २०११ मध्ये संदीप कुमार नावाच्या उमेदवाराला, दिल्ली पोलीस भरतीत, सर्वोच्च न्यायालयानं तरुण वयातली चूक म्हणून सांभाळूनही घेतलं होतं. तेव्हा दार बंद आहे असं मी म्हणत नाही. पण एकाच दारासमोर दोन-तीन वर्षं उभं राहायचं का, हे त्यानं ठरवावं. भरतीचा अभ्यास चालू ठेवून दुसऱ्या परीक्षांचे फॉर्मही भरू देत.

भरतीबाहेरही हे प्रकरण अधूनमधून डोकं वर काढेल. कोर्टात खटला प्रलंबित असताना पासपोर्ट हवा असेल तर त्या कोर्टाची परवानगी आणावी लागते. खासगी कंपन्याही हल्ली पार्श्वभूमी तपासतात, आणि ई-कोर्ट्सवर नाव टाकलं की खटला दिसतो. बँकेत जायचं म्हटलं तर नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातली शिक्षा आडवी येते. साधी मारामारी सहसा त्यात धरत नाहीत, पण शिक्षाच झालेली नसेल तर हा वाद घालावाच लागत नाही. म्हणून त्या पाचशे रुपयांवर मी एवढा अडून बसलोय.

पुढच्या तारखेला कबुली द्यायची नाही, एवढं वकिलांना आजच स्पष्ट सांगा. आणि मला एक कळवा : दोषारोपपत्रात तुमच्या मुलाच्या हातात काठी-दगड होता असं लिहिलंय, की नुसता 'जमावात होता' असं? ते वाचल्याशिवाय उच्च न्यायालयाच्या अर्जाबद्दल पुढचं सांगता येणार नाही.