आधी तिला जिन्यातून आत घे

पुण्याहून एका कीबोर्डवाल्याचं पत्र आलंय, खाली सही 'सात-आठ' एवढीच. वय 29, लग्नाला दोन वर्षं. चौघांचा प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे प्रॉग बँड आहे (लांबलचक, अवघड मोजणीची रॉक गाणी), दर रविवारी एकाच्या वडिलांच्या रिकाम्या गाळ्यात जॅम करतात. लग्नाच्या वाढदिवसासाठी याने बायकोवर 11 मिनिटांचं गाणं केलंय, शब्द याचेच, सात मात्रांचं. ड्रमर म्हणतो प्रॉगवाल्यांनी प्रेमगीतांच्या वाटेला जाऊ नये, ते खोटंच वाटतं. बायकोला विचारलं तर ती म्हणाली "बेस मस्त वाजतो". याला ते फार लागलंय. विचारतोय, "ताई, प्रॉग बँडला मनापासून वाटेल असं प्रेमगीत जमतं का, की ड्रमरचं खरंय? की तिला हे म्युझिकच कळत नाही?" आणि मध्येच कंसात एक ओळ : "(ती दर रविवारी येते, गाळ्यात जागा नाही म्हणून बाहेर जिन्यात बसते, डासांची अगरबत्ती घेऊन येते.)"

अरे सात-आठ,

तू चार पानं लिहिलीस आणि मी त्या कंसातच अडकून पडले. दर रविवारी येते म्हणतोस. किती वेळ चालतो तुमचा जॅम, तीन तास? चार? आणि ती बाहेर जिन्यात, अगरबत्ती लावून. हे तू असं लिहिलंयस जसं काही पार्किंगला जागा मिळाली नाही म्हणून गाडी जरा लांब लावली.

आता तिच्या त्या उत्तराकडे ये. दाराला आतून जुन्या गाद्या ठोकल्यात असं तूच लिहिलंयस, शेजाऱ्यांची तक्रार आली होती म्हणून. मग विचार कर ना, गादी ठोकलेल्या बंद दारातून बाहेर काय येतं? वरचे सूर गादीत आणि दारात मुरतात, शब्दांची व्यंजनं तर पहिली जातात, खालचे सूर मात्र भिंती हलवत बाहेर पडतात. गणपतीत दोन गल्ल्या पलीकडे डीजे लागला की घरात काय ऐकू येतं? गाणं कुठलं ते कळत नाही, काचा तेवढ्या थरथरतात. तिने तुला "बेस मस्त वाजतो" सांगितलं कारण तिच्यापर्यंत बेसच पोचला. तू विचारलंस आणि तिने जे ऐकलं ते अगदी खरं खरं सांगितलं आणि तू त्यावरून ठरवून मोकळा झालास की तिला म्युझिक कळत नाही. तिच्यावर लिहिलेल्या गाण्यातला एक शब्दही त्या बाईने अजून ऐकलेला नाही रे! याचा राग येतो मला, खरंच येतो.

ड्रमरचा मुद्दा आधी निकालात काढते, कारण तो चूक आहे आणि त्याला वेळ लागणार नाही. मूडी ब्लूज या प्रॉग बँडचं 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन' 1967 चं. त्यांच्यातल्या जस्टिन हेवर्डने ते 19 व्या वर्षी लिहिलं, आणि सुरुवात कशावरून झाली तर एका मैत्रिणीने त्याला सॅटिनच्या चादरी भेट दिल्या होत्या त्यावरून. चादरींवरून! मागे ऑर्केस्ट्रा वगैरे सगळा थाट आहे पण मुळाशी कापड आहे, हाताला लागणारं. जेथ्रो टल घे. 'अ‍ॅक्वालंग', 1971, केवढा जड अल्बम, आणि त्यात दोन मिनिटांचंही नाही असं एक गाणं आहे, 'वंडरिंग अलाउड', सकाळची वेळ, स्वयंपाकघरात ती, टोस्टचा वास, वितळणारं लोणी. बस. मला वाटतं संपूर्ण प्रॉगमध्ये त्याच्याइतकं खरं प्रेमगीत दुसरं नाही. जेनेसिसचे पाचातले दोघं सोडून गेले, तिघं उरले, आणि 1978 मध्ये त्यांचं 'फॉलो यू फॉलो मी' आलं, साधे शब्द माइक रदरफर्डचे, ब्रिटनमध्ये सातव्या नंबरपर्यंत गेलं. मेरिलियनचं 'केली' 1985 मध्ये तिथे दुसऱ्या नंबरवर होतं, आणि ते तर माफीचं गाणं आहे, ज्या मुलीशी आपण नीट वागलो नाही तिची. तेव्हा जमतं. आणि सात मात्रांचा बाऊ निदान आपण तरी करू नये, रूपक तालात किती गझला, किती भजनं लोक डोळे मिटून ऐकतात, कुणी मोजत बसतं का?

पण मला तुला सांगायचंय ते किंग क्रिमझन या बँडबद्दल. तुमच्या पंथाचे सगळ्यात कडक लोक. 1981 चा 'डिसिप्लिन' तू ऐकला असशीलच, रॉबर्ट फ्रिप आणि एड्रियन बेलू दोघांच्या गिटारी वेगवेगळ्या मोजणीत धावतात आणि मग परत भेटतात, तुम्ही तेच करायला बघताय असं दिसतं. त्याच अल्बममध्ये 'मात्ते कुदासाई' आहे, चार मिनिटांच्या आतलं, संथ, बेलूची गिटार समुद्रपक्ष्यासारखी ओरडते. ते नाव जपानी आहे, अर्थ 'थांबा ना, प्लीज'. आणि गाण्यात काय आहे तर वाट बघणारी एक बाई. खिडकीशी आहे, पावसासारखं दुखतंय, खुर्चीतच झोप लागते तिला. एवढा डोकेबाज बँड, आणि प्रेमाचं गाणं करायची वेळ आली तेव्हा त्यांनी वाट बघणाऱ्या बाईकडे पाहिलं. तुझ्याकडे अशी बाई दर रविवारी बंद दाराच्या त्या बाजूला बसलेली असते.

आणि तू काय लिहिलंस? शब्द जोडलेस म्हणून वाचले, दोनदा वाचले. दोन ग्रह आहेत, कक्षा आहे, प्रकाशवर्षं आहेत, शेवटी एक तारा फुटतो. ती कुठेय त्यात? जिना नाही, अगरबत्तीचा धूर नाही, तिचा आवाज नाही, तिच्या हातातलं काहीच नाही. तिच्याबद्दलची एकच जिवंत ओळ तू लिहिलीस आणि ती गाण्यात न घालता मला पाठवलीस, कंसात.

मी अशी बसलेय बाहेर, म्हणून बोलतेय. कॉलेजात असताना माझा एक मित्र, मित्रापेक्षा जास्तच, एकांकिका बसवायचा आणि तालमीत बाहेरचं कुणी नको असा नियम होता, मी दोन महिने रोज संध्याकाळी हॉलबाहेरच्या कट्ट्यावर बसायचे. आतून हशा यायचा, कशाला हसले ते कळायचं नाही. तो बाहेर आला की विचारायचा "बोअर नाही ना झालीस?" आणि मी "नाही रे" म्हणायचे. आपण येतो कारण आपल्याला तिथे असायचं असतं आणि जागा मागत नाही कारण मागून मिळालेली जागा नको असते. तुझी बायको "चालतंय मला जिन्यात" म्हणत असेल, नक्की म्हणत असेल. त्यावर विश्वास ठेवू नकोस.

जागा नाही म्हणतोस त्या गाळ्यात तूच पत्रात मोजून दाखवलंस, ड्रमसेट, तीन अ‍ॅम्प, दोन कीबोर्ड, शिवाय बिघडलेला चौथा अ‍ॅम्प, जो 'कधीतरी दुरुस्त करू' म्हणून कोपऱ्यात पडलाय. तो उचल. येत्या रविवारी नाही, शनिवारीच जा, एकटा जा, तो अ‍ॅम्प जिन्यात ठेव आणि त्या कोपऱ्यात खुर्ची ठेव. पाठ असलेली, प्लास्टिकचं स्टूल नको. बंद गाळ्यात ड्रम कानठळ्या बसवतात तेव्हा मेडिकलमधून कानात घालायचे बोळे आण तिच्यासाठी. बाकीच्या तिघांना आधीच फोन करून सांग, विचारू नकोस, सांग. आणि रविवारी सगळ्यात आधी ते 11 मिनिटांचं वाजवा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये कुठे चुकलात तरी थांबू नका, आणि संपल्यावर "कसं वाटलं" लगेच विचारू नकोस, तिला जरा बसू दे.

नंतर ती काही बोललीच तर मला कळव. शब्द मात्र तोवर बदलू नकोस, एकदा तिला ऐकू देत जसे आहेत तसे.

तुझी,
ताई