खुंट उपटले, बोट सुटली. भरपाई कोणाच्या खिशातून?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दीड वर्षापासून इंग्लंडमध्ये ग्रँड युनियन कालव्यावर ५७ फुटी नॅरोबोटीत (कालव्यात चालणाऱ्या लांबट, अरुंद बोटीत) राहतो. कायमची जागा नाही. अक्सब्रिज ते बर्कमस्टेड आणि त्याही पुढे, असे सरकत असतो. मागच्या महिन्यात आम्ही कामावर असताना भाड्याची एक बोट जोरात शेजारून गेली. पावसाने काठ भुसभुशीत झाला होता. बोट ज्यांना बांधली होती ते दोन्ही खुंट उपटले आणि बोट आडवी होऊन मागच्या बोटीवर आदळली. त्यांच्या खिडकीची काच फुटली, छतावर उभं केलेलं सोलर पॅनेल पाण्यात गेलं. ते सात दिवसांत २,४०० पौंड मागतात, नाहीतर कोर्ट. मी त्याच रात्री ‘सॉरी, चूक आमचीच, भरून देतो’ असा मेसेज करून बसलोय. आमचं सुकाणूही खालच्या खोबणीतून निघालंय. बोट जागची हलत नाही, १७ दिवस झाले आणि कालवे सांभाळणाऱ्या ट्रस्टचं स्मरणपत्र आलं. त्यात हिच्या व्हिसाची मुदतवाढ तोंडावर. काय करू?

उत्तर : आधी एक करा. पैसे पाठवू नका आणि दुसरा मेसेजही पाठवू नका.

तो मेसेज तुम्हाला वाटतो तितका घातक नाही. इंग्लंडमध्ये २००६ च्या कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्टनुसार नुसती माफी मागणं किंवा भरपाईची तयारी दाखवणं म्हणजे निष्काळजीपणाची कबुली ठरत नाही. ‘चूक आमचीच’ हे दोन शब्द नसते तर बरं झालं असतं. समोरचा वकील त्यांचाच आधार घेईल. पण घटना घडली तेव्हा तुम्ही तिथे नव्हताच. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल रात्री घाईत लिहिलेल्या वाक्याला न्यायाधीश किती वजन देईल? माझ्या मते फार नाही. शेजाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून चूक अंगावर घेणं हा आपल्याकडचा संस्कार. विमा कंपनीला मात्र तो अजिबात रुचत नाही.

आता विमा. त्याशिवाय तुम्हाला बोटीचा परवानाच मिळाला नसता, म्हणजे तो आहे. घटना आजच कळवा, मेसेजसकट. लपवलात तर पॉलिसीच्या अटींवरून ते हात झटकतील. यापुढे शेजाऱ्याशी व्यवहार विमा कंपनीच करेल. तुम्ही फक्त नम्रपणे कळवायचं : प्रकरण विम्याकडे दिलंय, बिलं, फोटो आणि पॅनेल कधी घेतलं त्याची पावती पाठवा. जुन्या पॅनेलच्या जागी नव्याकोऱ्याची पूर्ण किंमत हक्काने मागता येते, असं समजू नका.

बोट तुमची म्हणून जबाबदारी आपोआप तुमची, असा इथला कायदा नाही. त्यांना तुमचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागेल. पंधरा-सोळा टनांची बोट दोन खुंटांवर उभी असते. कालवा उथळ आणि अरुंद, त्यामुळे शेजारून बोट वेगात गेली की पाणी ओढलं जातं आणि बांधलेली बोट आधी पुढे, मग मागे हिसका खाते. म्हणून तर कालव्यांच्या १९६५ च्या उपविधींनी साधारण ताशी ४ मैलांची मर्यादा घातली आहे, आणि बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद करावं हा इथला शिष्टाचार.

पण तुमच्या पत्रासोबतचा फोटो मी नीट पाहिला. काठाला लोखंडी पट्टी आहे. तिच्यामागे साखळ्या अडकवून बोट बांधता आली असती. त्या नाळेवरच्या पेटीत पडलेल्या दिसतात, आणि तुम्ही ओल्या चिखलात खुंट ठोकलेत. ‘काळजी घेणाऱ्या माणसाने त्या दिवशी काय केलं असतं?’ हा प्रश्न विचारला जाणारच. बोटींच्या टकरीत १९९५ चा मर्चंट शिपिंग अ‍ॅक्ट लागू झाला तर दोष ज्याच्या-त्याच्या प्रमाणात वाटला जातो. त्यातला काही वाटा तुमच्याकडे येईल, असं मी गृहीत धरेन. सगळा नाही. त्याच कायद्यात अशा दाव्यांना मुदत दोन वर्षांची आहे. एरवीची सहा वर्षं हाताशी आहेत असं धरून बसू नका.

म्हणून त्या भाड्याच्या बोटीचा माग काढा. प्रत्येक बोटीवर नाव आणि क्रमांक असतो. कोणी पाहिली? पायवाटेवर कुत्रा फिरवणारे, पलीकडच्या काठावरचे बोटवाले, कोणाच्या दाराचा कॅमेरा? बरेच दिवस उलटलेत. रेकॉर्डिंग पुसलं जाण्याआधी विचारा. उपटलेल्या खुंटांची भोकं, वाकलेला खुंट, दोर किती तिरपा बांधला होता, सगळ्याचे फोटो तारखेसह ठेवा.

आता ते १७ दिवस. कालवे सांभाळणारी सरकारी संस्था ब्रिटिश वॉटरवेज जाऊन २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट आला, पण परवान्यांचा कायदा तोच, १९९५ चा ब्रिटिश वॉटरवेज अ‍ॅक्ट. कायमची जागा नसलेल्या बोटीने खऱ्या अर्थाने प्रवास करत राहायचं आणि एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, ‘किंवा परिस्थितीनुसार वाजवी असेल तितका अधिक काळ’. या शेवटच्या शब्दांत तुमचं सुकाणू बसतं. तुम्ही चौदावा दिवस उलटण्याआधी कळवायला हवं होतं. आता तरी आजच लिहा, सोबत मेकॅनिकची चिठ्ठी आणि दुरुस्तीची तारीख जोडा. परवान्याची अट मोडली असं त्यांना वाटलं तरी चूक सुधारायला किमान २८ दिवसांची नोटीस द्यावी लागते. स्मरणपत्र म्हणजे ती नोटीस नव्हे. २०११ मध्ये ब्रिस्टलच्या कोर्टात एक बोटवाला हरला, कारण तो मोजक्या जागांमध्ये मागे-पुढे करत होता. तुमची वर्षभराची नोंद तशी नाही.

व्हिसाचं म्हणाल तर हा दिवाणी वाद आहे, गुन्हा नव्हे. अर्जात दिवाणी निकालांबद्दल प्रश्न असेल तर खरं तेच लिहा. सध्या निकालच नाही.

मला खरी धास्ती वेगळ्याच गोष्टीची वाटते. तुमची टपालं स्लाउच्या मित्राकडे जातात, असं तुम्ही लिहिलंय. दावा दाखल झाला तर कागद तुमच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर जाईल आणि तो तुम्हाला मिळाला असं धरलं जाईल. उत्तराला १४ दिवस, पोच कळवली तर २८. मित्र गावी गेलेला, पाकीट चपलांच्या कपाटावर, आणि तुमच्या विरोधात एकतर्फी निकाल! अशा प्रकरणात पैसे एका महिन्यात भरले तर निकालांच्या यादीतली नोंद पुसली जाते, पण मुळात तिथवर जाऊ द्यायचंच कशाला? मित्राला आज फोन करा. कोर्टाचं पाकीट आलं तर न थांबता उघड आणि फोटो पाठव, असं सांगा.