टाइम वॉर्नरनं एओएलला वेगळं काढलं ते नाइलाजानं की ठरवून?

तुम्ही विचारलंय की टाइम वॉर्नर ह्या अमेरिकी मीडिया कंपनीनं २००९ मध्ये एओएल (अमेरिका ऑनलाइन, फोनच्या लाइनवरून इंटरनेट देणारी कंपनी) वेगळी काढली ती नाइलाजानं की ठरवून, आणि सरळ विकून का नाही टाकली. माझ्या मते ठरवूनच, आणि खरं तर चार-पाच वर्षं उशिरा.

मी १९९९ ला न्यूजर्सीत होतो. आम्ही चौघं मराठी पोरं एका फ्लॅटमध्ये, फोनची लाइन एकच, कोणी एओएल लावून बसलं की सांगलीहून आईचा फोन लागायचाच नाही, कायम एंगेज. महिन्याला वीसबावीस डॉलर जायचे आणि असे पैसे भरणारे २००२ च्या सुमारास अमेरिकेत अडीच कोटींच्या वर होते. एओएलचा सगळा जीव ह्या दरमहाच्या पैशात होता.

जानेवारी २००० मध्ये एओएलनं टाइम वॉर्नर घेतोय असं जाहीर केलं, वर्षभरानं व्यवहार पुरा झाला. नव्या कंपनीत एओएलवाल्यांना ५५ टक्के, टाइम वॉर्नरवाल्यांना ४५, तेही त्यांची कमाई कितीतरी जास्त असताना! सीएनएन, एचबीओ, टाइम मासिक, वॉर्नरचे सिनेमे, हे सगळं एओएलच्या गिऱ्हाइकांपर्यंत न्यायचं अशी कल्पना. पण टाइम वॉर्नरचा स्वतःचा केबलचा धंदा होता आणि त्याच केबलवरून ते फास्ट इंटरनेट विकत होते, म्हणजे घरातला एक भाऊ फोनवरचं इंटरनेट विकतोय आणि दुसरा त्याचंच गिऱ्हाईक केबलवर ओढतोय. हे कसं टिकणार? मी स्वतः २००३ मध्ये केबल मोडेम घेतला, एओएल फक्त मेलसाठी ठेवलं, २००६ मध्ये ब्रॉडबँडवाल्यांना तेही फुकट झालं मग पैसे भरणं बंद. असं लाखो लोकांनी केलं, २००९ पर्यंत पैसे भरणारे साठेक लाखच उरले.

मधे २००२ चा तोटा जवळपास ९९ अब्ज डॉलर दाखवला गेला. तेवढी रोकड गेली असं नाही, घेताना लावलेली अवाच्या सवा किंमत हिशेबातून उतरवावी लागली. २००३ मध्ये कंपनीच्या नावातूनही एओएल काढलं.

आता विकली का नाही, तर भाव बघा. २००५ मध्ये गूगलनं ५ टक्के हिस्सा १ अब्जाला घ्यायचं ठरवलं होतं, म्हणजे पूर्ण कंपनी २० अब्जांची. २००९ मध्ये वेगळं काढायच्या आधी टाइम वॉर्नरनं तोच हिस्सा २८.३ कोटी डॉलरला परत घेतला, म्हणजे साडेपाच अब्जांच्या आसपास. अशा पडलेल्या भावात विकण्यापेक्षा शेअरहोल्डरनाच वाटून देणं बरं, त्यावर टॅक्सही नव्हता. ९ डिसेंबर २००९ ला टाइम वॉर्नरच्या ११ शेअरमागे एओएलचा १ मिळाला.

चूल वेगळी होताना एओएलचा प्रमुख टिम आर्मस्ट्राँग, जो गूगलमधून आला होता, त्यानं जाहिरातींवर भर दिला. त्यासाठी एक तृतीयांश लोक कमी करायचं ठरलं, ह्याचं मला आजही वाईट वाटतं, वरच्यांनी केलेल्या व्यवहाराची किंमत टेबलावर काम करणाऱ्यांनी मोजली. पण कंपनी सावरली. वेगळी झाली तेव्हा बाजारात किंमत अडीच अब्ज डॉलरच्या आसपास होती, २०१५ मध्ये व्हेरायझन ह्या अमेरिकी फोन कंपनीनं ती ४.४ अब्जांना घेतली.