मत्स्यसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे सभासद व्हावे का, आणि तिच्या परिषदांना जाण्याचा खर्च सार्थकी लागतो का?

आपण मत्स्यबीज केंद्रात काम करता, पदव्युत्तर शिक्षण नुकतेच पूर्ण झाले आहे आणि वर्ल्ड अ‍ॅक्वाकल्चर सोसायटीची वर्गणी भरावी की तेच पैसे एखाद्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमासाठी ठेवावेत, असे आपण विचारले आहे. मी बऱ्याच वर्षांपासून या संस्थेचा सभासद आहे. तिच्या परिषदांत निबंध वाचले आहेत आणि विद्यार्थ्यांच्या पोस्टरांचे, म्हणजे संशोधन मांडणाऱ्या फलकांचे, परीक्षणही केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की सभासद अवश्य व्हावे. परिषदेला मात्र आपल्या टाकीतला किंवा तळ्यातला एखादा न सुटलेला प्रश्न हाती असेल त्या वर्षी जावे. तसा प्रश्न नसेल तर प्रवासखर्च वाचवून संस्थेचे नियतकालिक नीट वाचलेले बरे.

ही संस्था १९७०च्या सुमारास अमेरिकेत ‘वर्ल्ड मॅरिकल्चर सोसायटी’ या नावाने सुरू झाली. तेव्हा भर समुद्री आणि निमखाऱ्या पाण्यातील संवर्धनावर होता. पुढे गोड्या पाण्यातील मंडळीही मोठ्या संख्येने आली आणि १९८६मध्ये आजचे नाव स्वीकारले गेले. या क्षेत्राचा पसारा केवढा वाढला आहे हे लक्षात घेतल्याशिवाय अशा संस्थेचा उपयोग नीट कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये जलचर प्राण्यांचे संवर्धनातून मिळालेले उत्पादन ९ कोटी ४४ लाख टन झाले आणि मासेमारीतून मिळणाऱ्या उत्पादनाला त्याने प्रथमच मागे टाकले. साहजिकच परिषदेत एकाच वेळी अनेक दालनांत सत्रे चालतात, शिंपल्यांपासून सामन (सॅल्मन) माशापर्यंत आणि समुद्री शेवाळापासून लसींपर्यंत सगळे विषय असतात, आणि काय ऐकायचे नाही हे ठरवून न येणारा माणूस दुसऱ्याच दिवशी थकून जातो.

सभासदांना मिळणाऱ्या सेवांपैकी पुस्तकांवरील सवलत, सभासदसूची, नोकऱ्यांच्या जाहिराती आणि संचालक मंडळाच्या निवडणुकीतील मत या ठीक आहेत. त्यांच्यासाठी कोणी वर्गणी भरावी असे मला वाटत नाही. खरा लाभ वाचनाचा आहे. संस्थेचे संशोधनविषयक नियतकालिक वर्षातून सहा वेळा निघते, तर ‘वर्ल्ड अ‍ॅक्वाकल्चर’ हे त्रैमासिक प्रत्यक्ष मत्स्यशेतीच्या जवळचे आहे. उबवणीच्या टाक्यांवर दिवस घालवणाऱ्याने त्रैमासिकापासून सुरुवात करावी, कारण कोणत्या प्रदेशात कोणती प्रजाती का रुजली आणि कुठे का फसली याची चर्चा त्यात आढळते. कोळंबीतील ‘अर्ली मॉर्टॅलिटी सिंड्रोम’ हा रोग आठवा. आशियात कोळंबीची पिले तळ्यात सोडल्यानंतर पहिल्या महिनाभरातच मरत होती, कारण मात्र हाती लागत नव्हते. २०१३मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातील डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस या जिवाणूच्या विषारी वाणाकडे बोट दाखवले, आणि त्याच वर्षी हा रोग मेक्सिकोतही आढळला. इतक्या वेगाने खंड ओलांडणाऱ्या रोगाची खबर आपल्या तळ्यात मरतूक सुरू होण्याआधी कानावर पडणे, एवढ्या एका गोष्टीसाठीही मी वर्गणी भरत राहीन.

आता परिषदांविषयी. नावे सारखी वाटली तरी त्यांचे स्वरूप वेगळे असते. अमेरिकेत दर तीन वर्षांनी होणारी मोठी संयुक्त परिषद २०१९मध्ये न्यू ऑर्लिन्सला आणि २०२२मध्ये सॅन दिएगोला झाली. युरोपियन अ‍ॅक्वाकल्चर सोसायटी ही १९७६मध्ये स्थापन झालेली स्वतंत्र संस्था असून दर सहा वर्षांनी दोन्ही संस्था मिळून ‘अ‍ॅक्वा’ परिषद भरवतात; २०१२मध्ये ती प्रागला, २०१८मध्ये माँपेलिएला आणि २०२४मध्ये कोपनहेगनला भरली. याखेरीज आशिया-पॅसिफिक, आफ्रिका, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन अशा विभागीय शाखांच्या परिषदा असतात. नवख्या सभासदाने पहिली परिषद विभागीय शाखेचीच निवडावी, असे माझे ठाम मत आहे. तिथे आपल्यासारखेच तापमान, आपल्यासारखेच पाणी आणि आपल्याच प्रजाती हाताळणारी माणसे भेटतात. थंड पाण्यातील सामनवरचे उत्कृष्ट व्याख्यान ऐकून उष्ण पाण्यातल्या तिलापिया माशाच्या बोटुकल्या (बोटाएवढी पिले) जगत नाहीत.

परिषदेतला सर्वांत मोलाचा वेळ पोस्टरांच्या दालनात जातो. व्याख्यानात वक्त्याला मोजकी मिनिटे मिळतात आणि त्यात तो यशस्वी झालेलेच सांगतो. पोस्टरजवळ उभा असलेला संशोधक मात्र विचारले तर बिघडलेलेही सांगतो. एका परिषदेत पुनर्चक्रीय पद्धतीच्या, म्हणजे तेच पाणी गाळून पुन्हा वापरणाऱ्या, नव्या टाक्यांवरील पोस्टरापुढे एक हॅचरीचालक (मत्स्यबीज केंद्र चालवणारा) थांबला. त्याचे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत होते, पण मीटरवर विरघळलेला प्राणवायू पुरेसा दिसत होता. पोस्टरवाल्या विद्यार्थिनीने एवढेच विचारले, “कल्ले उघडून पाहिलेत का? रक्ताचा रंग तपकिरी होता का?” तो होताच. नव्या बायोफिल्टरमध्ये, म्हणजे जिवाणूंच्या साहाय्याने पाणी शुद्ध करणाऱ्या गाळणीत, माशांच्या उत्सर्जनातून येणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट करणारे जिवाणू आधी स्थिरावतात आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे मागून येतात, त्यामुळे मधल्या काही आठवड्यांत नायट्राइट साचते; ते कल्ल्यांतून रक्तात शिरून हिमोग्लोबिन निकामी करते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. क्लोराइड त्याच वाटेने शिरत असल्यामुळे पाण्यात साधे मीठ घातले की नायट्राइटचा शिरकाव रोखला जातो. पुस्तकात हे सारे आहेच. परंतु किती मीठ, कोणत्या दिवशी, आणि त्या काळात खाद्य किती कमी करायचे, यावर ती दोघे वहीत आकडे मांडत बराच वेळ बोलत राहिली. पाणी मोजल्याची नोंदवही सोबत नेली तर असे संभाषण आपल्यालाही लाभू शकेल.

प्रदर्शनाच्या दालनात खाद्य, वायुवीजन आणि मोजमापाच्या उपकरणांचे विक्रेते असतात. तिथे किंमत विचारण्यापूर्वी ते यंत्र आपल्याएवढ्या आकाराच्या केंद्रात कुठे चालू आहे हे विचारावे. मत्स्यशेतांच्या सहली ठेवलेल्या असतील तर त्या चुकवू नयेत, मात्र आपल्या केंद्रावर वापरलेले बूट घालून जाऊ नये आणि सहलीतले बूट निर्जंतुक केल्याशिवाय परत आपल्या टाक्यांजवळ नेऊ नयेत. जैवसुरक्षेवर दिवसभर चर्चा करून हे विसरणारे पाहिले की मला मनापासून वाईट वाटते.

खर्चाबाबत दोन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. निबंध स्वीकारला गेला म्हणजे शुल्क माफ होते असे नाही. सादरकर्त्यालाही नोंदणी, प्रवास आणि निवासाचा खर्च स्वतः करावा लागतो. सभासदांना नोंदणीशुल्कात सवलत मिळते आणि लवकर नोंदणी केली की रक्कम आणखी कमी होते, म्हणून सारांश पाठवण्याच्या मुदतीबरोबरच सवलतीची तारीखही लिहून ठेवावी. व्हिसासाठी निमंत्रणपत्र लागणार असेल तर ते सारांश स्वीकारला गेल्याच्या दिवशीच मागावे.

दुसरे म्हणजे, सभासद झाल्यावर किंवा एखादा निबंध प्रसिद्ध झाल्यावर आपल्याला ‘सन्माननीय वक्ते’ म्हणून बोलावणारे ईमेल येऊ लागतील. त्यात संयोजक संस्थेचा पत्ता नसेल, मागील परिषदांच्या सारांशांचा संग्रह कुठे सापडत नसेल, किंवा दंतवैद्यक आणि मत्स्यशास्त्र एकाच कार्यक्रमपत्रिकेत दिसत असेल, तर पैसे भरू नयेत. शंका वाटल्यास त्या कार्यक्रमात नाव छापलेल्या एखाद्या संशोधकाला थेट विचारावे. आपले नाव वापरले गेले आहे हे पुष्कळदा त्यालाच ठाऊक नसते.