‘ह्या वयात मला कोण शिकवणार?’

“मॅडम, बेचाळीस पूर्ण झाली. आता ह्या वयात मला कोण शिकवणार? आणि शिकलो तरी कामावर कोण घेणार?”

हे विचारणारे दादा इचलकरंजीतल्या एका शेडमध्ये अठरा वर्षं जॉबर होते. माग अडला, धोटा (आडवा धागा नेणारा) उडाला, कापडात दोष यायला लागला, की ज्याला हाक जाते तो जॉबर. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी ह्या गावात पहिला यंत्रमाग बसवला. त्यानंतर कितीतरी घरांची चूल मागाच्या आवाजावर पेटली. आता रेपियर आणि एअरजेट हे बिनधोट्याचे माग आलेत आणि साधा माग भंगारात किलोवर जातोय. दादांच्या मालकांनीही तेच केलं. दादांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

त्यांना माझ्याकडे समुपदेशनासाठी आणलं वहिनींनी. रात्रपाळी सुटायच्या वेळेला दादा दचकून उठायचे आणि बंद शेडसमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. जेवण तुटलं होतं, बोलणं जवळजवळ बंद. मी दारूचं विचारलं. जीव नकोसा वाटतो का, हेही सरळ विचारलं. काम गेलेल्या माणसाला हे विचारायला कचरू नये. विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. “तसं नाही,” ते म्हणाले. “पण आपण कुणाच्या कामाचे राहिलो नाही असं वाटतंय.”

पहिल्या भेटीत मी एक चूक केली. मदत मिळेल अशा सगळ्या ठिकाणांची यादी करून त्यांच्या हातात दिली: जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र, आयटीआय, यंत्रमाग सेवा केंद्र, जन शिक्षण संस्थान, नवा धंदा काढायच्या कर्जासाठी पीएमईजीपी ही सरकारी योजना. मला वाटलं, माणसाला माहिती मिळाली. पंधरा दिवसांनी तोच कागद त्याच घडीत त्यांच्या खिशातून बाहेर आला. ते कुठंच गेले नव्हते.

का गेले नाहीत, हे कळायला अख्खा तास लागला. एक कारण मोबाइलवरचं होतं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची बातमी त्यांनी वाचली होती. तिथं वय १८ ते ३५, शिक्षण किमान बारावी. ते वाचून त्यांनी ठरवूनच टाकलं, की सरकारदरबारी पस्तिशीनंतर माणूस संपतो. पण ती अट त्या एका योजनेची आहे. आयटीआयला किमान वय १४ लागतं, वरची मर्यादा नाही. जन शिक्षण संस्थान ४५ पर्यंतच्या, कमी शिकलेल्या लोकांसाठीच आहे. १९६७ साली मुंबईत वरळीला कामगारांसाठी श्रमिक विद्यापीठ सुरू झालं, त्याचंच हे पुढचं रूप. म्हणजे गिरणीकाठच्या माणसासाठीच जन्माला आलेली गोष्ट. पीएमईजीपीच्या कर्जाला अठरा पूर्ण हवीत, वर कितीही चालतात. एका योजनेचं वय वाचून बाकीची दारं बंद समजणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात, आणि दर वेळी वाईट वाटतं.

दुसरं कारण जास्त खोल होतं. फॉर्मवरचा ‘शैक्षणिक पात्रता’ हा रकाना. नववीत शाळा सुटलेली. काउंटरपलीकडच्या पोरासमोर हे सांगायचं म्हणजे अठरा वर्षांचा जॉबर क्षणात नववी नापास होऊन जातो.

मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “दादा, बिघडलेला माग समोर आला की पहिल्यांदा काय बघता?”

“बघत नाही, ऐकतो,” ते म्हणाले.

आणि मग वीस मिनिटं बोलत राहिले. धोट्याचा ठोका एका बाजूला जड पडतो तेव्हा काय बिघडलेलं असतं. ताण कमी-जास्त झाला की कापडात पट्टे कसे उमटतात. एका वेळी चोवीस माग त्यांच्या कानावर असायचे. मी त्यांच्याच शब्दांत सगळं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. वहिनी डोळे पुसत होत्या. दादा म्हणाले, “हे लिहिण्यासारखं असतं होय?”

असतंच. अनुभव आहे पण कागद नाही, अशा कामगारांसाठी कौशल्य विकासात आरपीएल नावाचा मार्ग आहे. त्यात पूर्वी शिकलेलं तपासून प्रमाणपत्र देतात. थोडी ओळख करून देणारे तास, मग परीक्षा. मात्र त्याची बॅच प्रत्येक गावात प्रत्येक वेळी चालू असेलच असं नाही, आणि हे आधीच सांगितलेलं बरं.

ह्या वेळी मी यादी दिली नाही. एकच ठिकाण, एकच दिवस, एकच प्रश्न. ठिकाण गावातलंच यंत्रमाग सेवा केंद्र, कारण तिथं जॉबर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. वार मंगळवार. प्रश्न: “साध्या मागाचा जॉबर आहे, बिनधोट्याच्या मागाचं काम कुठं शिकायला मिळेल?” आम्ही तो तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिला. “इथं होत नाही” असं उत्तर आलं तर उठायचं नाही, पुढचा प्रश्न विचारायचा: मग कुठं, कुणाला भेटू, कोणत्या वारी? आणि चाळीस पानी वही. तारीख, कोण भेटलं, काय म्हणालं. कार्यालयांतून हात हलवत परतलेल्या माणसाला ती वही फार आधार देते, कारण फेरी फुकट गेली असं वाटत नाही.

पहिल्या खेपेला बॅच सुरू नव्हती. पूर्वी ह्या टप्प्यावर ते कट्ट्यावर जाऊन बसले असते. आता वहीत लिहिलं होतं: ‘पुढच्या महिन्यात विचारा.’ मधल्या काळात पुतण्यानं महास्वयम पोर्टलवर त्यांची नोंदणी केली. जुनी माणसं ज्याला अजून ‘एम्प्लॉयमेंट’ म्हणतात, त्याच कार्यालयाची ही आताची नोंदणी. ती मोफत आहे. रोजगार मेळाव्यांची माहिती तिथंच मिळते. ह्याच दिवसांत एकानं परगावच्या मिलमध्ये लावतो म्हणून आठ हजार मागितले. दादांनी मला फोन केला, ते फार बरं झालं. नोकरीच्या आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही द्यायचा नाही. ऑनलाइन पैसे पाठवून फसगत झालीच, तर १९३० ह्या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवायचं. जितक्या लवकर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

गावाकडून आलेल्यांना मी आधी आरसेटीचं नाव सांगते. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था: शिकणं, राहणं, जेवण मोफत, आणि नंतर कर्जासाठी बँकेशी गाठ घालून देतात. पण दादांना धंदा नको होता, माग हवा होता. माणसाला काय हवंय हे न विचारता त्याला शेळीपालनाकडे ढकलणं मला पटत नाही.

तिसऱ्या फेरीला बॅच मिळाली. वर्गात सगळ्यात मोठे तेच. शिकवणारा मुलगा त्यांना मामा म्हणायचा. पॅनेलवरचं इंग्रजी वाचताना अडायचे, तेव्हा शेजारचा पोरगा वाचून दाखवायचा आणि मशीनचा आवाज बदलला की दादा त्याला सांगायचे. आज ते रेपियरच्या शेडमध्ये मदतनीस फिटर आहेत. पगार जुन्या कमाईपेक्षा कमी आहे आणि ते त्यांना खुपतं. आरपीएलची परीक्षा अजून व्हायची आहे. झोप परत आली आहे.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

“मॅडम, आयटीआयला वयाची अट नाही म्हणालात, ते खरं ना?”

“खरं दादा. का?”

“माझ्यासाठी नाही. ही विचारतेय. दहावीला दोन विषय राहिलेत हिचे.”

मी म्हटलं, दहावी नापासांसाठीही काही ट्रेड आहेत. प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन सुरू होतात. वहिनींना शाळेचा दाखला आणि मार्कलिस्ट शोधून ठेवायला सांगा. मागून वहिनींचा आवाज आला, “वहीत लिहून घ्या आधी.”