शब्द आणि चित्रे, दोन्ही आपलीच

प्रश्न : मी सत्तरी तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. आजीचे बोट धरून जुन्या गोव्याहून फेरीबोटीने पहिल्यांदाच दिवाडी बेटावर निघालेल्या मनू नावाच्या मुलीची गोष्ट मी लिहिली असून तिच्यासाठी जलरंगात १४ चित्रेही काढली आहेत. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. लेखन व चित्रे दोन्ही माझीच असतील तर प्रकाशक पुस्तक स्वीकारतील का? ते कसे पाठवावे, आणि चित्रांवरील हक्क माझ्याकडे राहील का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या चित्रांच्या छायाप्रती आणि गोष्ट मी सावकाश पाहिली, आणि मनूचा धीटपणा मला मनापासून आवडला. पणजीतील आल्तिनोच्या गोवा कला महाविद्यालयात शिकायला मिळाले असते तर हात लवकर तयार झाला असता हे खरे; परंतु प्रकाशक पदवी विचारत नाही, पाने पाहतो. लेखन आणि चित्रे एकाच व्यक्तीची असणे मराठीला नवे नाही; माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आपल्यासमोर आहेतच. मात्र दोन्ही कामे एकाच हातात असली की एक दोष हमखास शिरतो, आणि तो तुमच्या पहिल्याच पानावर आहे.

तेथे तुम्ही लिहिले आहे : ‘मनूने लाल फ्रॉक घातला होता, आजीच्या हातात टोपली होती आणि धक्क्यावर पोदेर सायकल घेऊन उभा होता.’ फ्रॉक, टोपली, पोदेराची म्हणजे पाववाल्याची सायकल, एवढेच काय, सायकलीचा भोंगासुद्धा तुमच्या चित्रात अगदी स्पष्ट आहे. मग वाचणाऱ्या मुलाने शोधायचे काय? ते संपूर्ण वाक्य काढून ‘आजी, फेरी बुडत नाही ना?’ एवढेच ठेवून पाहा. मनूची भीती चित्रात दिसत नव्हती, ती आता शब्दांत आली. आणि शब्दांत नसलेला पोदेर मूल स्वतः शोधून काढील. ‘पोदेर’ हा शब्द मात्र बदलू नका. आपल्याकडच्या मुलांना तो घरचा आहे, आणि पुण्यातील मुलाला तो चित्रावरून कळेल.

दुसरी गोष्ट डमीची, म्हणजे पुस्तकाच्या कच्च्या नमुन्याची, आणि रंगाला हात लावण्यापूर्वी ती झालीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. छपाईत पाने ८ किंवा १६ च्या फर्म्याने, म्हणजे एका तावातून होणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याने, मोजली जातात, म्हणून चित्रपुस्तक बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांचे असते. कोऱ्या कागदाचे आठ ताव एकात एक घालून मधोमध दुमडले की ३२ पाने मिळतात. शीर्षक व प्रकाशनाची माहिती यांसाठी सुरुवातीची तीन पाने सोडली, तर चौथ्यापासून एकतिसाव्या पानापर्यंत नेमकी १४ जोडपाने, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, होतात. त्यांवर पेन्सिलीने कच्ची चित्रे काढा आणि पाने उलटत गोष्ट वाचा. फेरीचा रॅम्प खाली येणे आणि दिवाडीचा काठ दिसणे हे तुम्ही एकाच चित्रात दाखवले आहे. मी ते दोन पानांत विभागले असते. उजव्या पानावर साखळीची खडखड, सुरू झालेल्या स्कूटर आणि मोठ्या माणसांच्या पाठींमागे अडकलेली मनू असावी. पान उलटले की समोर दिवाडी.

माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी मला हे कोणी सांगितले नव्हते. मुख्य मुलीचा चेहरा मी जोडपानाच्या ऐन मध्यावर रंगवला आणि बांधणीत तिचा एक डोळा व नाक घडीत गेले. ती प्रत हाती घेतल्यावर मला रडू आले होते. म्हणून घडीजवळ चेहरा किंवा मजकूर ठेवू नका, आणि पानांच्या कडांच्या कापणीसाठी चित्र चहूबाजूंनी निदान ३ मिलिमीटर जास्त रंगवा. डमी तुमच्याच पहिली-दुसरीच्या वर्गात वाचून दाखवा. तुमचे वाक्य संपण्याआधी मुले जेथे पान उलटू लागतात, तेथे शब्द कमी करा.

प्रकाशकाकडे संपूर्ण मजकूर, डमी आणि दोन-तीन पूर्ण केलेली चित्रे एवढेच जावे. मूळ चित्रे कधीही टपालाने पाठवू नयेत. ज्योत्स्ना प्रकाशन, राष्ट्रीय पुस्तक न्यास, प्रथम बुक्स यांची मराठी बालपुस्तके आधी चाळून पाहा, म्हणजे तुमची गोष्ट कोणाच्या यादीत शोभेल हे कळेल. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर स्वतःही पुस्तक चढवता येते, परंतु तेथील मुक्त परवान्यानुसार श्रेय देऊन कोणीही ते भाषांतरित करू शकतो वा छापू शकतो, हे समजूनच तो निर्णय घ्यावा.

हक्कांविषयी : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गोष्ट आणि चित्रे निर्माण होताच त्यांवर तुमचा हक्क असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार व सही लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. ‘सर्व हक्क कायमचे’ अशा शब्दांवर घाईने सही करू नका. मजकूर व चित्रे यांचे मानधन वेगवेगळे लिहून घ्या, आणि छपाईनंतर मूळ चित्रे तुम्हाला परत मिळतील, हेही करारात असू द्या.