हात हलवून खेळायच्या गेमवर अनुभवी गेमर इतके का रागावले?

हात हलवून खेळायच्या कौटुंबिक गेमना अनुभवी गेमर नाके का मुरडतात आणि त्यांचा राग कितपत रास्त आहे, असे आपण विचारले आहे. रिमोट हातात धरून, हात हलवून खेळायचा ‘निंटेंडो वी’ हा गेम कन्सोल आला तेव्हा नाके मुरडणाऱ्यांत मीही होतो. आज मला वाटते की त्या रागाचा निम्मा भाग तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होता आणि उरलेला निम्मा आपले मैदान इतरांबरोबर वाटून घ्यावे लागण्याचा होता.

२००६ साली आलेल्या वीच्या रिमोटमध्ये हाताची हालचाल ओळखायला केवळ ॲक्सेलरोमीटर (वेगातला बदल मोजणारा सेन्सर) होता. हिसका किती जोरात बसला हे त्याला कळे, पण मनगट नेमके किती वळले हे नीट उमगत नसे. टीव्हीजवळ ठेवायच्या ज्या पट्टीला सेन्सर बार म्हणत, ती प्रत्यक्षात काहीच टिपत नसे. तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे असत आणि ते पाहणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असे, त्यामुळे रिमोट पडद्याकडे रोखलेला असेल तोवरच नेम धरता येई. (पट्टीच्या जागी दोन मेणबत्त्या लावूनही काम भागत असे.) गायरोस्कोप (वळण मोजणारा सेन्सर) असलेले मोशनप्लस हे रिमोटला जोडायचे उपकरण २००९ साली आले. तोपर्यंत, जिथे एक बटण पुरले असते तिथे रिमोट झटकायला लावणारे कितीतरी गेम बाजारात आले होते. ऐन लढाईत झटका दिला आणि वार झालाच नाही, तर खेळणाऱ्याने चिडणे स्वाभाविकच होते.

आता दुसरी बाजू. ‘वी स्पोर्ट्स’मधील टेनिस आठवा. खेळाडू आपोआप धावतो. आपण फक्त रॅकेट फिरवायची, आणि ती किंचित आधी फिरली की नंतर, यावर चेंडूची दिशा ठरते. सोफ्यावर बसून मनगटाच्या बारीकशा झटक्याने हे साधते, हे मला पाच मिनिटांत कळले आणि मी गेम उथळ ठरवला. माझ्या शेजारी आई मात्र उभी राहून, खांद्यापासून हात फिरवून, परतवलेल्या प्रत्येक चेंडूवर मनापासून आनंदत होती. अंगठ्याने हलवायच्या दोन काठ्या आणि डझनभर बटणांचा कंट्रोलर ही एक लिपी आहे आणि ती वाचता येत नसल्यामुळे आई इतकी वर्षे बाहेर राहिली होती, हे मला त्या दिवशी प्रथमच जाणवले.

कंपन्या आता आपल्याला वाऱ्यावर सोडतील, ही गेमरांची भीतीही खरी होती, कारण वीची विक्री १० कोटींच्या पुढे गेली आणि २०१० साली सोनीने मूव्ह व मायक्रोसॉफ्टने किनेक्ट ही हालचाल ओळखणारी उपकरणे आणली. तरीही कसदार गेम थांबले नाहीत. ‘सुपर मारिओ गॅलक्सी’ २००७ साली याच वीवर आला.

हाताच्या हालचालीचा खरा उपयोग मला पुढे नेम धरण्यात सापडला. ‘स्प्लॅटून’ या निंटेंडोच्या नेमबाजीच्या गेममध्ये काठीने ढोबळ दिशा घ्यायची आणि कंट्रोलर किंचित तिरपा करून नेम पक्का करायचा, ही पद्धत मुरलेले खेळाडूही आवडीने वापरतात. आपण स्वतः खेळत असाल, तर ही सोय बंद करण्यापूर्वी आठवडाभर चालू ठेवून पाहा. पहिले दोन दिवस हात अडखळतो, मग काठीने धरलेला नेमच आखडलेला वाटू लागतो.